दोन ठोके आणि एक

रसिका तारीला नोकरी लागली ती तिच्या कानांमुळे, हे आडबंदरात बरेच दिवस कुणाला पटत नव्हतं. कान काय, सगळ्यांनाच असतात. शेवंतीकाकीला तर चांगले मोठे होते आणि त्यांत सोन्याच्या कुड्याही होत्या, पण तिला कुणी टेकडीवर बोलावून फिरत्या खुर्चीत बसवलं नव्हतं.

टेकडीवरचं ते केंद्र किनाऱ्यावर पहारा ठेवण्यासाठी बांधलेलं. दुर्बीण नाही, तोफ नाही, नुसती एक पांढरी इमारत आणि तिच्यातून समुद्रात उतरणारी केबल. केबलच्या वाटेवर, बारा मैलांपर्यंत, तळाशी पाच नळ्या पुरलेल्या होत्या. त्या पाण्यातला प्रत्येक आवाज टिपायच्या. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो आणि फार लांबवर टिकतो. हवेत जी होडी मैलभरावर मुकी होते, ती पाण्याखाली दहा मैलांवरूनही बडबडत असते. हे सगळं ऐकून आपलं कोण आणि परकं कोण हे ठरवणारं जे संगणकी यंत्र होतं, त्याचं कागदावरचं नाव ‘जलश्रुती’. गावात त्याला ‘कान’ म्हणत.

यंत्राला शिकवायला माणसं हवी होती. डॉक्टर वैरागडे नावाचे एक शास्त्रज्ञ गावात आले. वय एकतीस, गाव चंद्रपूर, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो सव्विसाव्या वर्षी. त्यांनी शाळेच्या पडवीत लॅपटॉप मांडून पन्नास माणसांना दहा होड्यांचे आवाज ऐकवले. पुरुषांनी आपापल्या होड्या ओळखल्या आणि मोठ्या ऐटीत उठले. रसिकाने दहाही ओळखल्या. चौथ्या आवाजाला म्हणाली, “ही सदूची. पंख्यात दोरी अडकलीय, आणि सदूला ते माहीत नाही.”

माणूस खाली पाठवला. दोरी होती.

यात जादू काही नव्हती. तारींचं घर किनाऱ्याला सगळ्यात जवळ. रसिका सात वर्षांची असताना आई गेली आणि भात टाकायचं काम तिच्याकडे आलं. आडबंदरात होडी घरी येताना खडकापाशी आली की नाखवा वल्ह्याने होडीच्या काठावर ठोका द्यायचा. घरच्या बाईने तो ऐकला की भात चुलीवर चढवायचा. जाळी उतरवून, पाय धुऊन माणूस दारात येईपर्यंत भात होतो. प्रत्येक घराचा ठोका वेगळा, नाहीतर एकाच्या होडीला दहा घरचे भात शिजले असते. पुनाजी तारीचा ठोका दोन आणि एक. दोन लागोपाठ, मग श्वासभर थांबून एक. हा ठोका चुकू नये म्हणून ती पोर दुपारपासून कान देऊन बसायची आणि ओघात गावातल्या सगळ्या होड्या तिला पाठ झाल्या. पुढे लग्न होऊन ती कणकवलीला गेली आणि दोन वर्षांत परत आली. तिथे समुद्र ऐकू येत नव्हता हे त्याचं एक कारण. बाकीची सांगण्यासारखी नव्हती. आता ती एकेचाळीस वर्षांची होती, बाप एकोणसत्तरचा, आणि भात अजून तीच टाकत होती.

टेकडीवरचं काम तसं सोपं होतं. कानाला हेडफोन लावायचा, आवाजाचा एकेक तुकडा ऐकायचा आणि चारातलं एक बटण दाबायचं. ‘आपली’, ‘परकी’, ‘निसर्ग’, ‘दुर्लक्ष’. निसर्ग म्हणजे मासे, लाटा, पाऊस. दुर्लक्ष म्हणजे माणसाचाच आवाज, पण ज्याच्याकडे पाहायची गरज नाही असा.

यंत्र कसं शिकतं हे वैरागड्यांनी तिला पहिल्या आठवड्यात समजावलं. ते म्हणाले, “याला ऐकू येत नाही, ताई. हे आवाजाचं चित्र पाहतं. जाड आवाज खाली, बारीक वर, आणि वेळ डावीकडून उजवीकडे. याच्या पोटात काही कोटी आकडे आहेत. चित्र दाखवलं की ते अंदाज करतं. चुकलं की प्रत्येक आकडा केसभर सरकतो. पुन्हा चित्र, पुन्हा अंदाज. असं लाखो वेळा.”

“आणि बरोबर काय ते त्याला कोण सांगतं?”

“तुम्ही.”

“आणि मी चुकले तर?”

“तर ते तुमची चूक अगदी मन लावून शिकेल,” वैरागडे म्हणाले आणि हसले. रसिकाही हसली. तिला हा मुलगा आवडायचा. डब्यातली सुरमई तो आधी घाबरत आणि मग काट्यासकट खायचा.

संध्याकाळी घरी गेल्यावर पुनाजी तिची रोज उलटतपासणी घ्यायचा. तिच्या या कामात त्याला जी गोडी वाटत होती ती लपवायची त्याची हीच तऱ्हा होती. यंत्र जेवतं काय, निजतं कधी, शिमग्याला सुट्टी असते की नाही. निजतच नाही म्हटल्यावर त्याने मान हलवली.

“मगे ता शिकतला काय? माणूस निजान उठलो काय तेका कालचा समाजता.”

तो स्वतः समुद्र ऐकणाऱ्यांतला होता. घोळ मासा पाण्याखाली कुरकुरतो. त्याचा थवा कुठे आहे ते पाहायला पुनाजी इंजिन बंद करून वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचा आणि दांड्याला कान लावायचा. रसिका लहान असताना त्याने तिला मांडीवर घेऊन हे शिकवलं होतं. आता तेच काम सरकार पाच नळ्या पुरून करतंय याचं त्याला मनापासून हसू यायचं. पण एकदा जाळं विणता विणता, वर न बघता, तो म्हणाला, “माका तेच्यातला काय कळणा नाय. पण तू थंय ऐकाक बसलंस, मगे माका दर्यात कसली भीती?”

ते वाक्य रसिकाने तेव्हा नुसतंच ऐकलं. भाजीत मीठ घालायचं राहिलं होतं, ते आठवून ती उठली.

त्या वर्षी गणपतीनंतर ठोक्यांचं प्रकरण सुरू झालं. मासेमारीत जाळं लावून झालं की होडीच्या काठावर वल्ही बडवतात. आवाजाने मासे पळतात ते थेट जाळ्यात. यंत्राला हे ठाऊक नव्हतं. तालात पडणारे ठोके म्हणजे कुणीतरी पाण्याखाली काही बसवतंय असं त्याच्या आकड्यांना वाटायचं आणि ते लगेच गस्ती नौका सोडायचं. ती नौका बिनमाणसाची. करड्या रंगाची, वर लाल दिवा. ती येऊन होडीभोवती गोल फिरायची, आणि तिच्या पंख्यात जाळी अडकून फाटायची. भांडायला तिच्यावर माणूसही नसायचा. सदूने तिला आईवरून शिव्या घातल्या, तर तिने त्याचा फोटो काढून वर पाठवला.

दिवसाला चाळीस-चाळीस खोटे इशारे. मुख्यालयातून वैरागड्यांना रोज विचारणा. आणि एके दिवशी पुनाजीचंच जाळं फाटलं. तो ते खांद्यावर टाकून घरी आला, पडवीत पसरलं आणि लेकीला म्हणाला, “तुझ्या त्या कानाक सांग, आमी मासे हाकलतंव. आमी चोर न्हय.”

रसिकाने सांगितलं. सव्वादोन हजार तुकडे होते ठोक्यांचे. तिने बारा दिवस बसून एकेक ऐकला आणि एकेकाला ‘दुर्लक्ष’ दिलं. शेवटच्या दिवशी वैरागडे तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

“सगळेच, ताई? वेगळा असा एकही नाही?”

“सगळेच.”

“ठोक्याचा दुसरा काही अर्थ नसतो ना तुमच्याकडे?”

रसिकाला हसू आलं. “असतो की. भात टाक, असा असतो. त्यालाही बटण करता का एक?”

तेही हसले. मग त्यांनी विचारलं, की भाताचा ठोका ओळखायची काही खूण आहे का, म्हणजे तो वेगळा काढून ठेवता येईल. तिने सांगितलं की प्रत्येक घराचा वेगळा असतो, कशाला त्या भानगडीत पडता, तोही दुर्लक्षातच टाका. त्यात शत्रूचं काही नाही. आणि ते खरंच होतं.

आठवड्याभरात खोटे इशारे चाळिसावरून दोनावर आले. गावाने देवळासमोर रसिकाला नारळ आणि खण दिला. सरपंचांनी भाषण केलं, त्यात ‘आपल्या गावचे कान’ असा तिचा उल्लेख झाला आणि शेवंतीकाकीने मागून, आमचे काय पडवळ आहेत काय, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हटलं. पुनाजी पहिल्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून तो नुसता बघत होता.

पौषात एका सकाळी तो एकटाच होडी घेऊन गेला. रसिकाही त्याच सुमाराला टेकडी चढली. दुपारी वारा फिरला. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा कोरडा, हट्टी वारा, तो होडीला बाहेर बाहेर ढकलतो. इंजिन चालू असेल तर त्याचं काही नाही.

संकटात दाबायची एक लाल डबी सरकारने प्रत्येक होडीला दिली होती. बटण दाबलं की उपग्रहाकडे निरोप जातो. त्या डब्या आल्या नेमक्या दसऱ्याच्या आठवड्यात. आडबंदरात दसऱ्याला वल्ही, कोयते, इंजिन, सगळ्यांची पूजा होते, डबीचीही झाली. हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून पुनाजीने ती देव्हाऱ्यात ठेवली आणि मग देवाच्या शेजारची वस्तू मासळीच्या घाणीत न्यायचं त्याच्या जिवावर आलं. रसिकाने दोनदा सांगितलं. उद्या नेतंय, म्हणाला.

त्या दिवशी ती पाच वाजता घरी आली आणि ठोक्याची वाट पाहत बसली. सहाला तिने सदूला सांगितलं. सातला आठ होड्या बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी विमान फिरलं. चौथ्या दिवशी एका मोठ्या मासेमारी जहाजाला ती होडी चाळीस मैलांवर दिसली. इंजिनात पाणी गेलं होतं. प्यायच्या पाण्याचा डबा रिकामा होता. पुनाजी मागच्या फळीवर बसल्या बसल्याच कलंडला होता.

तेराव्यापर्यंत घरात माणसं होती. माणसं गेल्यावर चौदाव्या दिवशी रसिका किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीत जाऊन बसली. मागच्या फळीवर, जिथे तो बसायचा तिथे. उजवा हात सहज काठावर गेला आणि बोटांना खड्डा लागला. तिने वाकून पाहिलं. निळा रंग उडून आतलं लाकूड दिसत होतं, आणि ते लाकूड तळहाताएवढ्या जागेत चेचलं होतं.

मासे हाकलताना माणूस उभा असतो आणि होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बडवत जातो. एका जागी बसून, एकाच ठिकाणी, लाकूड चेचेपर्यंत कुणी मासे हाकलत नाही.

तिने त्या खड्ड्यावर तळहात ठेवला. मग उठून, चपला हातात घेऊन, टेकडी चढली.

वैरागड्यांनी तिला पाहिलं आणि आधी दार लावून घेतलं. तिने विचारायच्या आतच त्यांचा चेहरा सांगत होता. तिने विचारलं, त्या दिवशी ठोके होते का?

“होते,” ते म्हणाले. “होडी सापडल्यावर तिसऱ्याच दिवशी मी शोधलं होतं. तुम्हाला सांगायचं धाडस झालं नाही.”

“यंत्राने काय म्हटलं?”

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. तारीख, वेळ, दुपारी एक वाजून दहा मिनिटं, दुसरी नळी, आणि पुढे: दुर्लक्ष. खात्री नव्व्याण्णव टक्के. खाली तसंच. त्याखाली तसंच. ओळी संपेनात.

यंत्र चुकलं नव्हतं, आणि त्याला दोष द्यावा म्हटलं तरी ते जमत नव्हतं. ठोके ऐकू आले की काय करायचं हे त्याला एका जाणत्या बाईने सव्वादोन हजार वेळा शिकवलं होतं, आणि ते मन लावून शिकलं होतं. शत्रू आहे का, एवढंच त्याला विचारलेलं. नाही, असं त्याने दर वेळी अचूक सांगितलं. दुपारी एकपासून ती इथे, या भिंतीपलीकडे, जुने तुकडे ऐकत बसली होती. त्या दिवसाचे आवाज तिच्यापुढे यायला दोन महिने तरी गेले असते. आणि तेही आले नसते, कारण दुर्लक्षातलं काही तिच्याकडे येतच नव्हतं.

वैरागडे खाली बघत बोलले. “दुर्लक्षातले आवाज तीस दिवसांनी आपोआप पुसले जातात. जागा पुरत नाही म्हणून. आणखी बारा दिवस. मी काही केलं नाही तर ते जातील, आणि कुणी काही विचारणार नाही. त्या लेबलांवर तुमचं नाव आहे, ताई. तुम्ही ऐकू नका. मी हात जोडतो.”

रसिकाने खुर्ची ओढली. “हेडफोन द्या,” ती म्हणाली.

पहिल्यांदा लाटा ऐकू आल्या. मग, अगदी जवळ बसून कुणी दारावर टकटक करावं तसे, दोन ठोके. श्वासभर शांतता. एक.

मदतीचा म्हणून असा ठोका आडबंदरात नाहीच. तशी वेळ येते तेव्हा ऐकणारं कुणी नसतं, मग ठोका कशाला ठरवतील? पुनाजीला आयुष्यभर एकच ठोका ठाऊक होता जो दिला की कुणीतरी हमखास ऐकतं आणि उठतं. त्याने तोच दिला. पोर ऐकायला बसली आहे म्हणून दिला. तिला ओळखू यावा म्हणून नीट, घाई न करता, दोन आणि एक. मग बराच वेळ थांबून, जणू तिला टेकडी उतरायला वेळ देऊन, पुन्हा.

एकोणीस तास तो ठोकत होता. पहिल्या तासात दर पाच मिनिटांनी. पुढे दहा. पुढे अर्धा तास. तिसऱ्या नळीवर, मग पाचव्या नळीवर, अधिकाधिक लांबून. शेवटी शेवटी दोनातला एकच यायचा, आणि मग पुष्कळ वेळाने त्याचा राहिलेला दुसरा.

रसिका रडली नाही, असं वैरागडे पुढे सांगत. तिने हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि विचारलं, “पाचवं बटण करायला काय लागतं?”

बरंच काही लागत होतं. वैरागड्यांनी त्याच दिवशी ते आवाज पुसले न जाणाऱ्या जागी हलवले. मुख्यालयाला पत्र गेलं. उत्तर आलं की ही संरक्षणाची यंत्रणा आहे, बुडणाऱ्यांना शोधणारी नव्हे. वैरागड्यांनी दुसरं पत्र लिहिलं, जरा वाकडं. त्यात त्यांनी विचारलं की हे संरक्षण नेमकं कुणाचं करायचं त्यांची यादी मिळेल का, म्हणजे त्यांचे आवाज दुर्लक्षातून काढता येतील. त्याबद्दल त्यांना ताकीद मिळाली, आणि ताकिदीच्या खालीच परवानगी. अट अशी: नव्या बटणाचे खोटे इशारे दिवसाला दोनाच्या वर गेले, की ते बंद.

यंत्राला शिकवायचं तर उदाहरणं हवीत. उदाहरण होतं एकाच माणसाचं. रसिकाने ते आधी पुरं केलं. एकोणीस तास पुन्हा ऐकायचे, प्रत्येक ठोका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो तिथे रेघ ओढायची. हे काम मी करतो म्हणून वैरागड्यांनी तीनदा सांगितलं. तिने ऐकलं नाही. दोनशे सहा ठोके होते. सात दिवस लागले. डबा ती रोज आणायची, पण उघडायची नाही.

मग ती गावात निघाली. काय झालं ते तिने देवळासमोर उभं राहून, जिथे नारळ घेतला होता तिथेच, सरळ सांगून टाकलं. मी शिकवलं म्हणून त्याला ऐकू आलं नाही, एवढंच. कुणी काही बोललं नाही. आडबंदरात माणसं रागावली की बोलतात; गप्प राहिली म्हणजे काय ते तिला कळेना. दुसऱ्या दिवसापासून ती घरोघरी गेली. सहा घरांत तिला देव्हाऱ्यात लाल डबी दिसली, हळदकुंकू लावलेली. तिने एकेक उचलून होडीत नेऊन ठेवली आणि देवाला काय वाटायचं ते माझ्याविषयी वाटू दे, म्हणाली. आणि प्रत्येकाला एकच विनंती केली: होडी घेऊन बाहेर जा, इंजिन बंद करा, आणि तुमच्या घरचा ठोका द्या.

पहिली उठली ती शेवंतीकाकी. तिचा नवरा सहा वर्षांपूर्वी वारला होता. ती मुलाच्या होडीत चढली, जन्मात पहिल्यांदा, नऊवारीचा काष्टा मारून. वल्हं तिने स्वतः हातात घेतलं.

“माझ्या घोवाचो ठोको येगळो होतो,” ती रसिकाला म्हणाली. “तीन, आणि मगे थांबान एक. ता लिव.”

चैत्रापर्यंत एकसष्ट घरांचे ठोके गोळा झाले. यंत्राने ते पाहिले, लाखो वेळा चुकलं, केसकेस सरकलं, आणि मासे हाकलणं वेगळं आणि हाक मारणं वेगळं हे त्याला कळू लागलं. पाचव्या बटणाचं नाव रसिकाने ‘हाक’ ठेवलं.

पण दिवसाला दोन इशाऱ्यांची अट होती, आणि संध्याकाळी एकसष्ट होड्या घरी येताना भाताचा ठोका द्यायच्या. पहिल्याच दिवशी करडी नौका लाल दिवा लावून सदूच्या मागोमाग थेट खडकापर्यंत आली आणि तो जाळी उतरवून घरी जाईपर्यंत पाहुण्यासारखी ताटकळत उभी राहिली. लोक पोट धरून हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं.

पुन्हा देवळासमोर बसावं लागलं. खडकाजवळचे ठोके वगळायचे, तर खडकावर आपटलेल्या होडीची हाकही वगळली गेली असती. रसिकाने तोंड उघडायच्या आधीच सदू म्हणाला की ठरलं तर मग, ठोका आता फक्त बाहेर, नड आली तरच. घरी येताना नाही.

शेवंतीकाकी गुडघ्यावर हात ठेवून उठली. “म्हंजे आता आमी भात कधी टाकूचो?”

“फोन करतले ते,” कुणीतरी म्हणालं.

“फोन भिजता रे,” काकी म्हणाली, आणि घरी गेली.

तेव्हापासून आडबंदरात संध्याकाळी कुणी ठोकत नाही. होड्या येतात, इंजिनं बंद होतात, माणसं पाय धुतात. भात कधी कच्चा असतो, कधी गार. पावसाळ्याच्या आधी एकदा यंत्राने खरी हाक ऐकली. वेंगुर्ल्याकडचे दोघे भाऊ होते, इंजिन जळालेलं, त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं, घाबरून नुसतंच बडवत होते. खात्री त्रेपन्न टक्के. नौका गेली. दोघे परत आले. पेपरात जलश्रुतीचा फोटो आला. धाकट्या भावाने टेकडीवर येऊन रसिकाच्या पाया पडायचा प्रयत्न केला, तेव्हा ती मागे सरली आणि त्याला विचारलं, जेवलास का.

रोज सकाळी सात वाजता, काम सुरू व्हायच्या आधी, यंत्र स्वतःची परीक्षा घेतं. प्रत्येक बटणाचा एक ओळखीचा आवाज त्याला ऐकवतात. बरोबर सांगितलं तर दिवस सुरू. ‘हाक’साठी नमुना निवडायची वेळ आली तेव्हा वैरागडे म्हणाले, शेवंतीकाकीचा घेऊ. रसिका म्हणाली, सगळ्यांत स्वच्छ आवाज दुपारी एक दहाचा आहे.

म्हणून रोज सातला ते होतं. दोन ठोके. श्वासभर शांतता. एक. पडद्यावर अक्षरं उमटतात: हाक, खात्री नव्व्याण्णव टक्के. खाली एक चौकोन येतो, त्यावर लिहिलेलं असतं ‘ऐकलं’. माणसाने तो तीस सेकंदांत दाबायचा, म्हणजे यंत्राला कळतं की ही परीक्षा होती. नाही दाबला तर ते हाक खरी धरतं आणि नौका सोडतं. रसिका दाबते. कधी आठव्या सेकंदाला, कधी सत्ताविसाव्या.

पौषात वर्ष झालं. त्या सकाळी वैरागडे मुद्दाम लवकर आले आणि तिच्यामागे उभे राहिले. ठोके पडले. चौकोन आला. रसिकाचा हात मांडीवर होता, तिथेच राहिला. वैरागड्यांनी घड्याळ पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

तिसाव्या सेकंदाला खाली धक्क्यावर नौकेचं इंजिन सुरू झालं. खिडकीतून ती दिसली. लाल दिवा लागला, दोर सुटला, आणि नमुन्यावर जी जागा नोंदवलेली होती तिकडे, दुसऱ्या नळीच्या दिशेने, ती सरळ रेषेत, जोरात गेली. सूर्य नुकताच टेकडीवर आला होता. समुद्र सपाट होता. तिथे पोचून ती थांबली, मग हळूहळू गोल फिरू लागली. एक फेरी, मग मोठी फेरी, मग त्याहून मोठी. तिला जसं शिकवलं होतं तसं, काही न वगळता, ती चाळीस मिनिटं शोधत राहिली.

पडद्यावर ओळ आली: जागेवर कुणी नाही. पुढे काय? खाली ‘ऐकलं’चा चौकोन अजून तसाच होता.

वैरागडे हलक्या आवाजात म्हणाले, “चाचणी होती असं लिहितो मी.”

रसिकाने नको म्हणून मान हलवली. नौका वळून परत निघालेली दिसेपर्यंत ती खिडकीकडे बघत राहिली, आणि मग पुढे होऊन तिने ‘ऐकलं’ दाबलं.